दर एकच लावावा

अण्णा टपरीवर सिगारेटचा कर वाढल्यावरचा नवा भाव ऐकून हात हलवत परतले. (सुट्टी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, पण ते टपरीवर कोण सांगणार?) मला काय आनंद झाला! मी बोलून थकले, डॉक्टर बोलून थकले, ऐकलं शेवटी सरकारचं.

संध्याकाळी गॅलरीतून वास आला. विडीचा. खिशात अख्खा कट्टा.

विडीचं सोडा, माझा तो आनंदच डोक्यातून जात नाहीये. कसला होता? अण्णांची छाती वाचेल म्हणून, की मला जमलं नाही ते पैशानं करून दाखवलं म्हणून? २०१६ मध्ये केरळनं पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर बसवला तेव्हा मी म्हटलं होतं, झकास. बर्गर आपल्या घरात खातंय कोण! आणि साखरेवर जीएसटी फक्त ५ टक्के, तो उद्या चाळीस झाला तर? बॉर्डरवरची शुगर घेऊन मीच पहिली ओरडेन, माझा चहा, माझा जीव, तुम्ही कोण सांगणारे?

अण्णांनाही नेमकं हेच म्हणायचं असतं. मी म्हटलं, उद्या सिव्हिलला ॲडमिट झालात तर खर्च सगळ्यांच्या खिशातून जातो. तर म्हणाले, "मग इतकी वर्षं प्रत्येक पाकिटावर भरला तो कर कशाचा होता गं?" घ्या.

त्यात यंदा १ फेब्रुवारीपासून सिगारेटवर जीएसटी ४० टक्के, वर लांबीप्रमाणे अबकारी. विडीवरचा मात्र २८ वरून १८ वर आणला. धूर तोच, छातीही तीच. कारण विडी कामगारांचं पोट. आता यावर मी काय बोलणार? पानावर पत्र्याचा साचा ठेवून आई कात्रीनं कापत बसायची, मांडीवर सूप. कारखान्यात मोजताना काही विड्या खराब म्हणून बाजूला काढायचे, त्यांचे पैसे नाहीत. उरलेल्या पैशांतून माझी फी. त्या विड्या कुणाच्या छातीत गेल्या असतील, हे... जाऊ दे.

खरं तर फार एकटं वाटलं आज. घरात काळजी करायचं खातं माझ्याच नावावर आहे आणि मलाच कुणी विचारत नाही.

असो. अण्णांशी बोलणार तर आहेच. माझी कटकट विडी-सिगारेट दोन्हीला एकाच दरानं लागू आहे, सवलत नाही.