रविवारचे हजार रुपये

फेब्रुवारीत कंपनीने ब्रेक दिला. कॉन्ट्रॅक्टवाल्याला ब्रेक म्हणजे काय ते भोसरी-चाकणकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, सात महिने काम, मग घरी बसा, बोलावतील तेव्हा या. यावेळी बोलावलंच नाही. बायको फॉल-पिको, ब्लाऊज शिवते, त्यात खोलीचं भाडं, लाईटबिल आणि सिलेंडर निघतं कसंबसं, आणि मग एका रविवारी तिने माझ्या हातात पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या, म्हणाली अहो हे आठवड्याचं खाण्याचं, तुम्ही घरीच आहात तर आता स्वयंपाकाचं तुम्हीच बघा. पाच तोंडं आहेत, आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. मला वाटलं त्यात काय एवढं, दोन वेळचं जेवण तर करायचंय.

बुधवारी संध्याकाळी खिशात १४० रुपये होते.

म्हणजे मी काही उधळले नव्हते हं. रविवारी सकाळी दहाला पिशवी घेऊन गेलो, पगार झाल्यावर जसा जायचो तसाच. भेंडी, ढोबळी मिरची, फ्लॉवर, पोरं म्हणाली म्हणून पनीर, चहाबरोबर खारी आणि बिस्किटं, तेलाची पिशवी, दूध रोज एक लिटर. सगळं घरातच आलं, घरातच खाल्लं, तरी गेले. बायको काही बोलली नाही. गुरुवारी तिने डब्यात चपाती आणि शेंगाची चटणी भरली, शुक्रवारी पण तेच, आणि शनिवारी मीच तिला म्हटलं की अगं सांग आता कसं करायचं ते.

तिने पहिलं काय केलं असेल तर पनीर-बिनीर बंद नाही केलं, ते आपोआप झालं, तिने तेलाची पिशवी काढून घेतली. मी पिशवीचा कोपरा कापून सरळ कढईत ओतायचो. आई मागे बसून बघायची आणि म्हणायची, "आरं, त्याल वततोयस का पाणी?" आता रविवारी एका बाटलीत आठवड्याचं तेल काढून ठेवतो, बाटलीला स्केचपेनने सात रेघा मारल्यात आणि झाकणाला सुईने भोक पाडलंय, त्यातून धार येतच नाही, थेंब येतात. पहिल्या दिवशी मला इतका राग आला होता त्या भोकाचा की काय सांगू, मोहरी तडतडायला तेल जमेपर्यंत कढई धुरायला लागली. पण आता लिटरची पिशवी नऊ दिवस जाते, आधी पाचच दिवस जायची. आणि भाजीच्या चवीत काय फरक पडला म्हणाल तर पोरांना कळलं पण नाही.

हिशोब सांगतो आमचा, कुणाला उपयोग झाला तर झाला. दूध अर्धा लिटरवर आणलं, त्याचे २१०. तेल १४५. डाळी आणि कडधान्य १५०, त्यात तूर पावशेरच, ती वरणाला, बाकी मसूर, मटकी, हुलगे. भाजी कांदे-बटाटे धरून २००. शेंगदाणे ६५, चहा-साखर १००, दळणाचे ३५. झाले ९०५. उरलेल्या ९५ मध्ये मीठ, मिरची, लसूण आणि जमलं तर सहा अंडी. मटण-चिकन यात नाही, ते सासरवाडीला गेलो की.

आता म्हणाल गहू-तांदूळ कुठेत यात, तर ते रेशनचं. हे नसतं तर हजारात काही झालं नसतं हे आधीच कबूल करतो, कारण असे 'कमी खर्चात घर चालवा' टाईप लिहिणारे हे सांगत नाहीत. कार्ड गावाकडचं आहे, बार्शी तालुक्यातलं, आईच्या नावावर, पण आता ते कुठेही चालतं, इथल्या दुकानात अंगठा लावला की धान्य मिळतं. माणशी महिन्याला ५ किलो, आणि २०२३ च्या जानेवारीपासून फुकट, आधी गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता. धाकट्याचं नाव अजून कार्डावर चढलेलं नाही, म्हणून आम्ही चौघांचे २० किलो आणतो आणि पाच जणं खातो.

पहिल्या वेळी मी आईलाच घेऊन गेलो. मशीनने तिचा अंगठा घेतलाच नाही. पुसून लावला, उजवा झाला, डावा झाला, बोटं झाली, मागे लाईन वाढत चाललेली. आयुष्यभर खुरपं धरलं, बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत तर मशीन तरी काय वाचणार. आई आपली ओशाळून प्रत्येक वेळी बोट पदराला पुसायची, जणू तिचीच काहीतरी चूक आहे. मग माझा अंगठा लावला, तो लगेच घेतला. हे कार्ड तिच्या नावावर आणि ओळख माझी, त्या दिवशी येताना दोघं काही बोललो नाही फारसं.

आणि गंमत बघा, आमच्या घरात आता रोज चपाती असते आणि भाकरी रविवारी. लहानपणी उलटं होतं, चपाती सणाला. सोलापूरकडचा माणूस मी, मालदांडी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला, पण ज्वारी आता इतकी महागलीय की रेशनच्या गव्हापुढे ती श्रीमंताची गोष्ट झाली. आईला हे अजून पटत नाही. ती बहात्तरच्या दुष्काळात नऊ-दहा वर्षांची होती, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेत, तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिच्या डोक्यात गरिबी म्हणजे वाईट ज्वारी. गव्हाची चपाती समोर असताना आपण अडचणीत आहोत हे तिला समजावून सांगता येत नाही, आणि मी पण नाद सोडला.

भाजीचं म्हणाल तर ती रात्री साडेआठनंतर घ्यायची, गाडा आवरायला लागले की. सकाळी २० ला असलेली पालकाची जुडी तेव्हा १० ला मिळते, टोमॅटोचा वाटा मिळतो, मऊ पडलेले असतात पण आमटीत काय कळतंय. मुळ्याचा पाला भाजीवाला तोडून टाकतो, तो मागितला तर देतो, पहिल्यांदा मागताना लाज वाटली, म्हणून घरी ससा पाळलाय असं सांगितलं. आता तो रोज विचारतो, ससा कसाय.

पण खरं घर वाचवलं असेल तर शेंगोळ्यांनी. हे आईचं खातं. हुलग्याचं पीठ, त्यात थोडं गव्हाचं, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, हळद, मीठ घालून घट्ट मळायचं. मग ताटावर तेलाचं बोट लावून करंगळीएवढी लांब वळी करायची, दोन्ही टोकं चिकटवायची. तिकडे फोडणीत पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात एकेक सोडायचं, पाण्याला उकळी असली पाहिजे, नाहीतर सगळं विरघळून गोळा होतो, माझा पहिला झाला होता. शेवटी पीठ मळलेली परात धुवून ते पाणी पण आतच ओतायचं, रस्सा त्याने दाट होतो. सोबत काहीच लागत नाही, ना भाजी ना चपाती, आणि पोट असं भरतं की पोरं रात्री परत काही मागत नाहीत. शनिवार-रविवारी हे जास्त लागतं, कारण इतर दिवशी दुपारी शाळेत खिचडी मिळते.

मध्ये एकदा इंटरव्ह्यूला पिंपरीला गेलो होतो, दुपार झाली, तिथे शिवभोजनचं केंद्र दिसलं. १० रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. इस्त्रीचा शर्ट घातलेला मी एकटाच असेन असं वाटलं होतं, तर शेजारच्या बाकावर फाईल घेतलेले अजून दोघं. एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्याने जेवलो. कॉल अजून आलेला नाही.

परवा शनिवारी पाऊस जोरात होता. बायकोने बाटली उचलून उजेडात धरली, तेल शेवटच्या रेघेच्या दोन बोटं वर होतं. म्हणाली, "अहो, भजी करू या का?" मी टोपलीत बघितलं, कांदे चारच होते आणि मंडईला जायला अजून एक दिवस होता. ती म्हणाली तीन घ्या.