दोनदा ठेवलेलं नाव

एडिनबरोच्या जनरल रजिस्टर हाउसमध्ये जुन्या नोंदी पाहायला मिळतात. परदेशातून येणाऱ्या स्कॉटिश वंशाच्या लोकांना त्यांचं मूळ शोधून देणं हे माझं काम, त्यामुळे माझा वावर तिथंच.

कॅनडाहून एक वयस्कर बाई आल्या होत्या. पणजोबा जॉर्ज, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या केथनेसचे. ‘जॉर्ज थोरला, म्हणजे त्याच्या वडिलांचे वडीलही जॉर्जच,’ असं त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या धरून चाललेलं. त्याला आधारही होता. जुन्या रिवाजानं पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला खुद्द वडिलांचं. मुलींत पहिलं नाव आईच्या आईचं. मुलगा नसेल तर आजोबांचं नाव मुलीनं चालवायचं. उत्तरेकडे जेम्सिना, डोनाल्डिना भेटतात त्या अशा. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव देत, पण इथं आईकडच्यांचा मान क्रमानं राखलेला आहे. मला ही रीत त्यासाठीच फार आवडते.

१८६१च्या जनगणनेत जॉर्ज १२ वर्षांचा, डोनाल्ड ९, विल्यम ६. वडिलांचं नाव डोनाल्ड. स्कॉटलंडच्या मृत्युनोंदीत मृताच्या आईवडिलांची नावं असतात, म्हणून जॉर्जच्या आई आणि वडील दोघांच्याही नोंदी काढल्या. वडिलांचे वडील निघाले विल्यम, आणि आईचे वडील जॉर्ज! म्हणजे क्रम एका घरानं सरकलेला.

धाकट्या विल्यमचा जन्म फेब्रुवारी १८५५चा. हे आमचं नशीबच. जन्ममृत्यूची सक्तीची नोंदणी त्याच वर्षी १ जानेवारीला सुरू झाली, आणि त्या पहिल्या वर्षी इतकी माहिती विचारत की पुढच्याच वर्षी बरेच रकाने गाळावे लागले. आधीची मुलं किती, हयात किती, हेही त्यात असे. इथं लिहिलं होतं: मुलगे हयात दोन, मृत एक.

गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देणं तेव्हा सर्रास चाले. म्हणजे थोरला विल्यम होता आणि तो गेला. पण कधी? त्या काळच्या मृत्यूच्या नोंदी क्वचितच मिळतात. मी नावांकडेच पाहत राहिलो. तो लवकर गेला असता तर विल्यम हे नाव जॉर्जच्या किंवा डोनाल्डच्या वाट्याला आलं असतं. आलं नाही. म्हणजे डोनाल्डच्या बारशापर्यंत तो बहुधा जिवंत होता, आणि तसं असेल तर १८५१च्या जनगणनेत सापडायला हवा.

सापडला. विल्यम, वय ४. खाली जॉर्ज, वय २.

बाईंनी पडद्यावर बोट ठेवून दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. “जॉर्जला मोठा भाऊ होता,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरी कुणी कधी बोललंच नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही.

मग त्यांनी वहीत वडिलांकडचे आजोबा म्हणून लिहिलेल्या जॉर्जवर काट मारली, आणि आम्ही केथनेसच्या पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, वह्यांमध्ये आजोबा विल्यम शोधायला लागलो.