काळी तीनचा सूर

चिंचवडला झालेला ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग मध्यंतरापर्यंत उत्तम चालला होता. मध्यंतरानंतर मी काळी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी कळ, दाबली आणि ऑर्गन बोललाच नाही.

गेली बावीस वर्षे मी आमच्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतो. सुरुवातीला आम्ही सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या गणेशोत्सवात दोन-तीन प्रवेश करायचो. तो वाडा पाडला गेला, आमचे प्रेक्षक कोथरूडला आणि पुढे त्यांची मुले वाकड-हिंजवडीला राहायला गेली, तशी मंडळीही त्यांच्यामागून गेली आणि वर्षाला चार प्रयोगांवरून पंचवीसवर पोहोचली. त्यासाठी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 1882 सालचे, शंभरावर पदांचे नाटक आम्ही पावणेतीन तासांत बसवले आणि दोन मध्यंतरांचे एक केले. ही काटछाट मला आजही पटत नाही, पण तिच्यावाचून मंडळी टिकली नसती.

पेटीचा भाता हवा आतून बाहेर ढकलतो, तर आमच्या ऑर्गनचा भाता बाहेरची हवा सूर देणाऱ्या पितळी पट्ट्यांतून आत ओढतो आणि हवेबरोबर धूळही ओढतो. त्या दिवशी आमचा टेम्पो मेट्रोच्या खोदकामातून तासभर रखडत आला होता. पितळी पट्टीच्या जिभेखाली केसाएवढा कण अडकला तरी सूर मुका होतो. मागची फळी काढायची, आकड्याने पट्टी ओढायची, मऊ ब्रशने झाडून पुन्हा बसवायची, या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. पूर्वी दुसऱ्या मध्यंतरात हे सहज झाले असते.

आमचा कृष्ण काळी एकमध्ये गातो, म्हणजे काळी एक हा त्याचा षड्ज (सा) आणि काळी तीन हा त्याचा मध्यम (म). ‘प्रिये पहा’ हे पद देशकार रागातले आणि देशकारात मध्यम नसतोच, त्यामुळे ते पद निभावले. सुभद्रा मात्र काळी चारमध्ये गाते, म्हणजे तोच सूर तिचा कोमल निषाद (नी) होतो आणि तिच्या पदाचा सगळा जीव त्या निषादात होता. प्रत्येक सुराला एकच पट्टी असलेल्या आमच्या लहान ऑर्गनला दुसरा आधार नव्हता. मी तबलजींना खूण केली. त्यांनी गद्य चालू असतानाच हातोडीने तबला अर्धा सूर उतरवला, आणि मी काळी चारच्या लगेच खालच्या पांढरी पाचचा षड्ज धरला, म्हणजे तिचा निषाद मुक्या सुरावरून सरकला. असा तबलजी मिळायला भाग्य लागते. सुभद्रा तेव्हा रंगमंचावरच होती, तिला सांगायला वाव नव्हता.

तिने तोच षड्ज धरला आणि गायली. पदाला वन्समोअर मिळाला, तोही बहुतेक तिशीच्या आतल्या प्रेक्षकांकडून. नव्या उपनगरांत संगीत नाटकाला कान नाहीत असे आमच्या पेठांतले जाणकार म्हणतात. त्यांनी त्या रात्री तिथे असायला हवे होते.

रंग उतरवताना ती म्हणाली, “काका, आज तारषड्ज लागला, पण माझा वाटला नाही. माझंच काही चुकलं का?” चोवीस वर्षांची मुलगी, तिचा तो सहावा प्रयोग. मी तिला धुळीचे आणि बदललेल्या षड्जाचे सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मला नुसतं बघितलं असतंत तरी कळलं असतं.”

खरे आहे. मी त्या वेळी तबलजींकडे पाहिले, कीबोर्डकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले नाही. काल ऑर्गन उघडून सगळ्या पट्ट्या झाडल्या, तेव्हा काळी तीनच्या जिभेखाली सिमेंटचा करडा कण निघाला.