जुनी पॅडं

गडहिंग्लजला मी चौदा वर्षं लहान मुलं तपासली. त्यातली बरीचशी कर्नाटकातली. संकेश्वर, हुक्केरीकडच्या बाया पोर कडेवर घेऊन वडापनं यायच्या. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये ‘ज्वर इदेया?’ विचारलं की आधी हसून घ्यायच्या आणि मग मराठीतच सांगायच्या. दवाखान्यापासून राज्याची हद्द अर्ध्या तासावर होती, पण ती ओलांडायला एकाही पोराला कधी कागद लागला नाही.

२०२३ च्या जूनमध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही बेळगावला, टिळकवाडीतल्या घरी राहायला गेलो. आता हद्द मी ओलांडली होती, आणि मला मात्र कागदच कागद लागले.

माझी पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, ती देशभर चालते. पण व्यवसाय करायचा तर राज्याच्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत नाव हवं. महाराष्ट्राचा कायदा १९६५ चा, कर्नाटकाचा १९६१ चा, दोघांच्या नोंदवह्या वेगळ्या. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक जण म्हणाला, “१९५६ च्या कायद्यापासून देशाची एक नोंदवही आहे, तीत नाव असलं की कुठंही प्रॅक्टिस कर.” हुबळीला स्थायिक झालेली आमची भूलतज्ज्ञ मैत्रीण म्हणाली, “दवाखाना काढायचाय ना? केपीएमईच्या फॉर्मवर काय लिहिणार? गप इथला नंबर घे.” केपीएमई म्हणजे खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा कर्नाटकाचा २००७ चा कायदा. मी मैत्रिणीचं ऐकलं. वाद घालत बसायला घरी वेळ कुणाला होता?

तर पहिली पायरी एनओसी. तुम्ही अमुक राज्यात चाललाय, तुमच्याविरुद्ध काही तक्रार नाही, असं जुन्या परिषदेनं नव्या परिषदेला कळवायचं. त्यासाठी मुळात जुनी नोंदणी जिवंत पाहिजे. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्याला तीस क्रेडिट पॉइंट लागतात. माझी मुदत संपून चार महिने झाले होते. चूक सर्वस्वी माझी, तारीख फाइलवर लाल पेननं लिहिलेली होती आणि फाइल कपाटात होती. पॉइंट भरले चोवीस. उरलेल्या सहांसाठी कोल्हापूरला तीन रविवार व्याख्यानं ऐकली. शेवटचं होतं वृद्धांमधल्या थायरॉइडवर. बालरोगाची डॉक्टर मी, पहिल्या रांगेत बसून टिपणं काढली, कारण मागच्या रांगेत झोप लागली असती.

पण खरा घोळ नावाचा. २००५ साली नोंदणी झाली ती माहेरच्या नावानं: आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. लग्न २००९ चं. आधारवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. नोंदणीवरचं नाव बदलायला हवं हे माहीत होतं, पण गडहिंग्लजात सगळे ‘शुभांगी मॅडम’ म्हणत, आडनावाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. त्यात पदवीवर माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘एच’ आहेत आणि पॅन कार्डावर एकच. सगळे कागद टेबलावर पसरून बसले तेव्हा नवरा म्हणाला, “तीन बायका दिसताहेत. यातली माझी कुठली?” त्या दिवशी मला हसू आलं नाही.

शेवटी गॅझेट केलं. आधारवर बेळगावचा पत्ता घालायला मी निघालेच होते, नणंदेनं अडवलं: “वहिनी, थांबा. महाराष्ट्राचं गॅझेट करायचं तर पत्ता महाराष्ट्रातला नको?” बँकेत नोकरी करते, तिला कागदांचा वास येतो. गडहिंग्लजचा पत्ता तसाच ठेवून आधी राजपत्रात नाव छापून आणलं, मग नोंदणीवरचं नाव, मग नूतनीकरण, मग एनओसी, आणि सगळ्यात शेवटी आधारचा पत्ता. हा क्रम चुकला असता तर आणखी सहा महिने गेले असते असं मला वाटतं. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर दुसऱ्या राज्यात निघालं असेल तर आधी नाव, मग गाव.

मधल्या काळात मी घरी होते. वयाच्या एकोणीसाव्या वर्षापासून इतकी मोकळी कधी नव्हते. एका रात्री समोरची सून दोन वर्षांच्या पोराला घेऊन आली. अंग तापलेलं, पण पोरगं हुशारीत होतं, माझा चष्मा ओढत होतं. मान मऊ, श्वास ठीक, कान थोडा लाल. “लिहून द्या की ओ डॉक्टरबाई,” ती म्हणाली. पॅड हाताशी होतं, शिक्काही होता, आणि त्यावर महाराष्ट्राचा नंबर. मी अंग पुसायला लावलं आणि चालत दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरांकडे तिच्याबरोबर गेले. ती वाटेत काही बोलली नाही. तिचा विश्वास त्या रात्री थोडा उडाला असणार. डॉक्टर म्हणवते आणि एक औषध लिहीत नाही.

नवा नंबर जानेवारीत आला. नुसते आकडे. महाराष्ट्राचा नंबर वर्षापासून सुरू होतो, वर्ष, महिना, मग क्रमांक. माझा २००५/०३ नं सुरू व्हायचा. औषधाच्या दुकानातला नवा पोरगा चिठ्ठी बघून म्हणायचा, “मॅडम, तुम्ही लागला तेव्हा मी बालवाडीत होतो.” आताच्या आकड्यांतून असलं काही कळत नाही. दिल्लीनं ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय नोंदवहीचं पोर्टल सुरू केलंय, प्रत्येक डॉक्टरला देशभराचा एक क्रमांक. अर्जाची पडताळणी मात्र राज्याची परिषदच करते, म्हणजे नाव सगळीकडे सारखं असलेलं बरं.

मार्चमध्ये दवाखान्याची पाटी करायला टाकली. कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं. पेंटरला माझं नाव सांगितलं, त्यानं एकदाच ऐकलं आणि खडूनं लिहिलं. मला अक्षरं धड वाचता येईनात, म्हणून कंपाउंडरला विचारलं, बरोबर आहे का? तो म्हणाला, “शु, भां, गी. अजून काय पाहिजे?” एच किती, हे कुणी विचारलं नाही.

जुन्या नंबरची छापील पॅडं चारेकशे उरली. सासूबाई एकही कागद टाकू देत नाहीत, त्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहितात. परवा वाण्यानं कागद उलटून बघितला आणि दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं, “आज्जी, डॉक्टरनी तूरडाळ लिहून दिलीया काय?”