संमतीनं घ्यायचा की लढून?

कौटुंबिक न्यायालयात वकिली करते म्हटल्यावर लोक जरा वेळानं, आवाज खाली आणून विचारतातच: "मॅडम, म्युच्युअल आणि लढून घेतलेला घटस्फोट, यात नेमका फरक काय? आणि आमच्यासाठी कुठला बरा?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते. बहुतेकांना किती महिने लागतील एवढंच जाणून घ्यायचं असतं. त्याकडे येते, पण आधी न्यायालय तुम्हाला काय विचारतं ते समजून घ्या, कारण वेळेचा फरक तिथूनच पडतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली एकट्यानं अर्ज केलात, तर न्यायालय विचारतं की जोडीदारानं असं काय केलं, आणि त्याला पुरावा काय? क्रूरता, सलग दोन वर्षं सोडून जाणं, विवाहबाह्य संबंध, धर्मांतर, सात वर्षं ठावठिकाणा नसणं अशी कारणं कायद्यात लिहून ठेवलेली आहेत. "आमचं पटत नाही" हे त्यांत नाही. "आता हे लग्न सावरणारच नाही" हेही नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की पूर्ण मोडून पडलेलं लग्न ते राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली संपवू शकतं. तो निकाल वर्तमानपत्रात वाचून लोक माझ्याकडे येतात. पण तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तुमचा अर्ज ज्यांच्यासमोर आहे त्या कौटुंबिक न्यायालयाला तो वापरता येत नाही.

संमतीच्या घटस्फोटात दोष कुणाचा, हा प्रश्नच नसतो. १९५५च्या मूळ कायद्यात ही सोय नव्हती. १९७६च्या दुरुस्तीनं कलम १३-ब आलं. तुम्ही एक वर्ष किंवा अधिक काळ वेगळे राहताय, एकत्र राहू शकला नाहीत आणि वेगळं व्हायचं दोघांनी ठरवलंय, एवढं न्यायालय पाहतं. वेगळं राहणं म्हणजे दोन घरं हवीतच असं नाही. पैशांमुळे किंवा मुलांमुळे एकाच छताखाली असलेली, पण पती-पत्नी म्हणून न राहणारी जोडपीही त्यात बसतात; सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

आता वेळ. संमतीचा अर्ज दोघांनी मिळून दाखल केला की कायदा सहा महिने थांबायला सांगतो. त्यानंतर, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन "आम्ही ठाम आहोत" असं सांगायचं. २०१७ पासून हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं. तडजोडीचे प्रयत्न संपलेत का, पोटगी आणि मुलांचा प्रश्न खरोखर मिटलाय का, नुसतं थांबवल्यानं दोघांचा त्रास वाढणार आहे का, हे त्यासाठी पाहिलं जातं. माफी हा तुमचा हक्क नाही, म्हणून तिच्यावर विसंबून पुढची तारीख कुणाला देऊ नका. लढायच्या केसमध्ये समन्स बजावणी, समुपदेशकांकडच्या बैठका, लेखी म्हणणं, मुद्दे निश्चित होणं, सरतपासाचं प्रतिज्ञापत्र (म्हणजे स्वतःची साक्ष शपथेवर लेखी देणं), उलटतपास, युक्तिवाद असा प्रवास असतो, आणि मध्येच तात्पुरती पोटगी, मुलांच्या भेटी यांचे वेगळे अर्ज. नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत सुनावणी संपवायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि निकालानंतर अपील असतंच.

हे ऐकल्यावर सगळे म्हणतात, मग संमतीनंच घेऊ. घ्या, जरूर घ्या. दोन माणसांनी एकमेकांच्या चुका भर कोर्टात सिद्ध करत बसावं असं मला कधीच वाटत नाही. उलटतपासात बोललेले शब्द पुसले जात नाहीत, आणि मूल असेल तर त्याच माणसाशी तुम्हाला पुढची कितीतरी वर्षं बोलायचं असतं. पण इथेच मी थोडी थांबवते. घटस्फोट हवा यावर एकमत होणं सोपं असतं. संमती लागते ती बाकीच्या गोष्टींवर, आणि माझा निम्मा वेळ त्यातच जातो.

पोटगी दरमहा की एकरकमी? एकरकमी असेल तर कधी? आम्ही सहसा काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेला दुसऱ्या वेळी असं लिहितो, म्हणजे कुणीही अधांतरी राहत नाही. स्त्रीधन काय काय आहे आणि ते कुठल्या दिवशी परत मिळणार? घर दोघांच्या नावावर असेल तर कर्जाचे हप्ते आता कोण भरणार? नुसतं "घर तिला" असं लिहून बँक कुणाचं नाव काढत नाही. मुलाचा ताबा कुणाकडे, दुसऱ्यानं भेटायचं कधी, सुट्ट्या, शाळेची फी, आजारपणाचा खर्च, पासपोर्टवर सही? छळाची तक्रार झालेली असेल तर तिचं काय? तो गुन्हा आपसांत मिटवला म्हणून आपोआप संपत नाही. सहसा उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यावा लागतो, आणि त्या वेळी समोरचा हजर राहील हे अटींमध्ये लिहून ठेवावं लागतं.

एक गोष्ट आई-वडिलांना मी आवर्जून सांगते. स्वतःच्या हक्कांवर तुम्ही तडजोड करू शकता, मुलाच्या नाही. "मुलासाठी पुढे काहीही मागणार नाही" असं लिहून दिलंत तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्यानं संपत नाही. ताब्याच्या आणि भेटीच्या अटीही परिस्थिती बदलली तर न्यायालय बदलू शकतं, कारण तिथे मुलाचं हित सगळ्यांत वर असतं.

आणि काही वेळा मी संमतीच्या कागदावर सही करू नका असं सांगते, अगदी स्पष्ट. नवऱ्याचं उत्पन्न किती, गुंतवणूक कुठे, हे बायकोला माहीतच नसेल तर ती नेमकी कशाला संमती देतेय? मारहाण झालेली असेल, मूल दाखवणार नाही अशी धमकी असेल, किंवा "सही कर, नाहीतर तुझ्या वडिलांना कोर्टात खेचतो" असं बोलणं झालं असेल, तर तो घटस्फोट कागदावर संमतीचा दिसतो, एवढंच. संमती जबरदस्तीनं, फसवणुकीनं किंवा दबावाखाली घेतलेली नाही ना, हे पाहणं न्यायालयाचंही काम आहे, पण काही मिनिटांच्या सुनावणीत घाबरलेला माणूस बोलत नाही. अशा वेळी लढणंच बरं. पोटगीचा अर्ज केला की सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि घरात कधी न दिसलेले आकडे पहिल्यांदा समोर येतात. पुरुषांनाही हेच सांगते. खोट्या आरोपाच्या भीतीनं झेपणार नाही एवढी रक्कम कबूल करायची आणि मग हप्ते थकवायचे, यानं कुणीही मोकळं होत नाही.

"समोरचा आलाच नाही तर?" हेही विचारतात. मग केस एकतर्फी चालते. पण त्याचं न येणं म्हणजे संमती नव्हे. घटस्फोटाचं कारण तुम्हाला तेव्हाही सिद्ध करावं लागतं, आणि समन्स नीट मिळालंच नव्हतं असं त्यानं नंतर दाखवलं तर तो निकाल रद्द होऊ शकतो. म्हणून पत्ता खरा द्या. माहेरी गेलेल्या बायकोच्या नावानं सासरच्या पत्त्यावर समन्स पाठवायचं, असले सल्ले देणारे भेटतात, ऐकू नका.

तसंच स्टँप पेपरवर दोघांनी सह्या करून, नोटरीचा शिक्का मारून घेतलेली सोडचिठ्ठी. समाजात ती चालत आलेली रूढी आहे हे न्यायालयात सिद्ध करता येत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्या कागदानं लग्न संपत नाही. त्यावर विसंबून दुसरं लग्न केलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत, आणि त्यात सर्वांत जास्त सोसते ती दुसरी बायको, जिला यातलं काहीच माहीत नसतं.

वर सांगितलं ते हिंदू विवाह कायद्यापुरतं. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीनं लग्न केलं असेल तर कलम २८ मध्ये जवळपास अशीच तरतूद आहे. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम लग्नांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे शेजाऱ्याच्या केसवरून स्वतःचा हिशेब मांडू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, एकदा धरलेला मार्ग बदलता येतो का. दोन्हीकडून येतो. संमतीचा अर्ज दिल्यावर हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. मग तो अर्ज तिथेच संपतो आणि ज्याला घटस्फोट हवाय त्यानं कारण घेऊन कलम १३ खाली यायचं. उलट लढत असलेली केस कुठल्याही टप्प्यावर संमतीत बदलता येते. लेखी म्हणणं दाखल झालंय, उलटतपास निम्म्यावर आलाय, तरीही अटी ठरल्या तर त्याच केसमध्ये दोघांच्या सहीनं १३-बचा अर्ज देता येतो. तसं करायचं असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. दोन्ही वकिलांना सांगून प्रकरण मध्यस्थीकडे पाठवायची विनंती करा, आणि तिथे जाताना पगाराच्या पावत्या, कर्जाचे कागद आणि मुलाच्या खर्चाचा हिशेब सोबत ठेवा.