अपडेट झालं, पण पाटी निघेना

नाशिक भागातल्या एका बाजार समितीचं लिलाव-नोंदणीचं सॉफ्टवेअर आमच्याकडे देखभालीला आहे. सर्व्हर त्यांच्याच कार्यालयात असल्यामुळे अ‍ॅडमिनच्या पानावर 'अपडेट करा' असं बटण आहे. ते दाबलं की नोड.जेएसचं अ‍ॅप्लिकेशन स्वतःच एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, चालवतं. देखभालीची पाटी लावायची, नवा कोड घ्यायचा, एनपीएम सीआयने लागणारी पॅकेजं बसवायची, डेटाबेसचं मायग्रेशन (म्हणजे त्याची रचना नव्या आवृत्तीप्रमाणे बदलणं), सर्व्हिस रीस्टार्ट आणि शेवटी पाटी काढायची. पाटी म्हणजे डिस्कवरची एक रिकामी फाइल. ती आहे तोवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रत्येकाला 503, म्हणजे 'सेवा सध्या उपलब्ध नाही' असं उत्तर देतो.

ऐन कांद्याच्या हंगामात सकाळीच तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. "साहेब, पाटी जाईना. ट्रॅक्टरची रांग लागलीय, पावत्या निघत नाहीत."

आत शिरून पाहिलं तर नवी आवृत्ती व्यवस्थित चालू होती. मायग्रेशनही झालेलं. फक्त पाटीची फाइल तशीच पडलेली. ती हाताने काढली आणि पावत्या सुरू झाल्या. शेतकऱ्याचा माल उघड्यावर असताना पहिलं काम तेच होतं, कारण नंतर शोधता येतं.

लॉग रीस्टार्टच्या ओळीवर संपत होता. एरर नाही, एक्झिट कोड नाही. ज्या तरुण सहकाऱ्याकडे हे काम होतं तो म्हणाला, "सर, माझ्या लॅपटॉपवर कधीच अडकत नाही. स्क्रिप्ट सुरू करणाऱ्या नोडच्या स्पॉनला डिटॅच्ड लावलंय, अनरेफ केलंय, नोहपसुद्धा लावून पाहिलं." त्याने केलेलं चुकीचं नव्हतं. अ‍ॅप्लिकेशन मेलं तरी स्क्रिप्ट जगावी यासाठी बहुतेक ठिकाणी हेच सांगितलेलं असतं.

चाचणीच्या सर्व्हरवर अपडेट लावलं आणि ते चालू असतानाच सिस्टिमसीटीएल स्टेटस पाहिलं. लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची ही आज्ञा. सीग्रुपच्या, म्हणजे एका सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेस एकत्र धरणाऱ्या गटाच्या, झाडात वर नोडची प्रोसेस आणि तिच्याखाली, त्याच सर्व्हिसच्या नावावर, आमची बॅश स्क्रिप्ट. तिथेच उलगडा झाला. डिटॅच्डमुळे सेशन आणि प्रोसेस ग्रुप बदलतो, नोहपमुळे हँगअपचा (टर्मिनल बंद झाल्याचा) सिग्नल दुर्लक्षिला जातो. पण सीग्रुप तोच राहतो. सर्व्हिस थांबवताना कोणत्या प्रोसेस मारायच्या हे ठरवणारा सिस्टिमडीचा किलमोड मुळात 'कंट्रोल-ग्रुप' असतो. सर्व्हिस थांबवायची म्हटली की तो त्या सीग्रुपमधल्या प्रत्येक प्रोसेसला सिगटर्म, म्हणजे बंद होण्याचा सिग्नल, पाठवतो. म्हणजे स्क्रिप्ट ज्या सर्व्हिसला रीस्टार्ट करत होती, तिच्याबरोबर स्वतःही मारली जात होती. रीस्टार्टची आज्ञा मात्र पीआयडी 1 पर्यंत, म्हणजे खुद्द सिस्टिमडीपर्यंत, पोचलेली असायची, त्यामुळे अ‍ॅप्लिकेशन पुन्हा उभं राहायचं. पाटी काढायला कुणी उरत नव्हतं, आणि स्क्रिप्ट मेल्याचं कळवणारी नोडची जुनी प्रोसेसही गेलेली. लॅपटॉपवर तो नोड टर्मिनलमधून चालवायचा; तिथे सिस्टिमडीची सर्व्हिसच नव्हती.

किलमोड 'प्रोसेस' करू या, असं एकाने सुचवलं. एका ओळीत सुटलं असतं, पण मी ठाम नको म्हटलं. तसं केलं तर सर्व्हिस थांबल्यावरही तिच्या इतर प्रोसेस मागे रेंगाळतात, आणि सिस्टिमडीच्या माहितीपानातही ते करू नये असंच लिहिलं आहे. आम्ही अपडेटसाठी वेगळं टेम्पलेट युनिट, म्हणजे आवृत्तीचा आकडा देऊन सुरू करता येणारी सिस्टिमडीची स्वतंत्र सर्व्हिस, केलं. अ‍ॅप्लिकेशन आता फक्त 'ही आवृत्ती बसव' असं सांगतं, नो-ब्लॉकने, म्हणजे काम संपायची वाट न पाहता, आणि सुडोची (वरच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची) परवानगीही तेवढ्याच कामाला. स्क्रिप्ट स्वतःच्या सीग्रुपमध्ये चालते, तिचा लॉग सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये राहतो.

हात घातलाच होता तर आणखी एक गोष्ट बदलली. फॉर्ममधला आवृत्तीचा आकडा शेलच्या (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत जसाच्या तसा चिकटवला जात होता. तिथे अर्धविराम टाकून कुणीही पुढे हवी ती आज्ञा लिहू शकला असता. मला हे पाटीपेक्षा जास्त गंभीर वाटलं. आता अंक आणि टिंब यांखेरीज काही असेल तर विनंती तिथेच नाकारली जाते, आणि प्रोग्राम थेट चालवणाऱ्या नोडच्या एक्झेकफाइलमुळे मध्ये शेल येतच नाही.

लिलाव संपल्यावर त्याच सर्व्हरवर नवं युनिट बसवलं आणि ऑपरेटरला बटण दाबायला सांगितलं. पाटी लागली, सर्व्हिस रीस्टार्ट झाली, पाटी निघाली. हेच सॉफ्टवेअर आणखीही समित्यांमध्ये आहे. तिथे युनिट पोचेपर्यंत ते बटण आम्ही बंद ठेवलं आहे.