किपलिंगचा पोरगा, दोन स्मारकं आणि मधली शेतं

उत्तर फ्रान्सच्या ह्या पट्ट्यात मुद्दाम कोणी फिरायला येत नाही. सपाट शेतं, मधूनच कोळशाच्या खाणींतल्या मातीचे काळे डोंगर आणि दिवसभर भुरभुर पाऊस. लीलहून गाडी भाड्याने घेतली आणि आधी न्यूव्ह शापेलला गेलो, कारण तिथल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियममध्ये पडलेल्या आणि ज्यांची कबरच माहीत नाही अशा ४७०० च्या वर भारतीय जवानांची नावं आहेत.

स्मारक हमरस्त्याला लागूनच आहे, ट्रक धाडधाड जात असतात. गोल आवार, अर्ध्या भागात दगडी जाळी, मधे साधारण १५ मीटरचा खांब, वर कमळ, दोन्ही बाजूंना वाघ. खांबावर इंग्रजी, अरबी, गुरुमुखीबरोबर देवनागरीतही कोरलंय आणि त्या ओल्या, परक्या मुलखात ती अक्षरं दिसल्यावर खरं सांगतो, दोन मिनिटं काही सुचेना. मग भिंतीवरची नावं वाचत सुटलो, थापा, गुरुंग, सिंग, खान, रावत, नेगी. गढवालचा गब्बर सिंग नेगीसुद्धा ह्यात आहे, १० मार्च १९१५ ला इथेच पडला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला पण कबर नाही.

१९२७ मध्ये ह्या स्मारकाच्या उद्घाटनाला रुडयार्ड किपलिंग आले होते, आपले मोगलीवाले, मुंबईत जेजेच्या आवारात जन्मलेले. ते नुसते पाहुणे म्हणून आले नव्हते. त्यांचा स्वतःचा मुलगा इथून अर्ध्या तासाच्या आत असलेल्या लोसच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

जॉन किपलिंग. डोळे इतके अधू की लष्कराच्या मेडिकल तपासणीत नापास, पण बापाने आपल्या ओळखीच्या लॉर्ड रॉबर्ट्सकडे, म्हणजे ब्रिटिशांच्या माजी सरसेनापतीकडे, शब्द टाकला आणि आयरिश गार्ड्समध्ये कमिशन मिळवून दिलं. १७ ऑगस्ट १९१५ ला अठरा पूर्ण, २७ सप्टेंबरला बेपत्ता. बास, एवढंच आयुष्य. मला किपलिंगचा राग येतो, साम्राज्याचे ढोल बडवणारा माणूस, पोराला ढकललं, आणि त्याच वेळी कीवही येते, कारण पुढे कित्येक वर्षं हा बाप पलटणीतल्या वाचलेल्या जवानांना गाठून एकच विचारत होता, शेवटचं कोणी पाहिलं? कोणी म्हणे चेहऱ्याला लागलं होतं, कोणी आणखी काही. जर्मनांच्या हद्दीत विमानातून मुलाची माहिती विचारणारी पत्रकं टाकून झाली. ओळखी होत्या, पैसा होता, तरी काही नाही.

लोसला डड कॉर्नर म्हणून स्मारक आहे, २०,००० च्या वर बेपत्तांची नावं, जिन्याने वर गेलं की अख्खं रणांगण दिसतं, म्हणजे खरं तर शेतंच. तिथून जवळच सेंट मेरीज नावाची दफनभूमी आहे, गाडी रस्त्याच्या कडेला चिखलात लावावी लागते. बहुतेक दगड निनावी. अनोळखी सैनिकाच्या दगडावर काय कोरायचं ते वाक्य ('Known unto God', म्हणजे फक्त देवाला ठाऊक) किपलिंगनेच सुचवलेलं, आणि जॉनच्या दगडावरही आधी तेच होतं, 'आयरिश गार्ड्सचा एक लेफ्टनंट' आणि खाली ते वाक्य. १९९२ मध्ये ह्या दफनभूमी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने तो दगड जॉनचा असल्याचं जाहीर केलं. मग त्यावरही वाद, नुसता लेफ्टनंट की सेकंड लेफ्टनंट, अशा बारकाव्यांवरून अभ्यासकांची जुंपली. किपलिंग १९३६ मध्येच गेले होते.

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, अरे, आपल्याकडची मराठी माणसं कुठे मग? मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, १०३, ११०, ११७ ह्या तिन्ही तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात अडकल्या. तिकडच्या बेपत्तांचं स्मारक बसऱ्याला, ४०,००० च्या वर माणसं, पण तिथे भिंतीवर इंग्रज आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं आणि साध्या भारतीय जवानांसाठी पलटणीच्या खाली नुसता आकडा! सातारा-रत्नागिरीहून गेलेल्या पोरांसाठी कुठली पत्रकं टाकणार होतं कोण.

नावं रजिस्टरमध्ये आहेत म्हणा. घरात पणजोबा पलटणीत होते असं ऐकलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर शोधून बघा, फक्त स्पेलिंग चार प्रकारांनी टाका, शिंदे, सिंदे, सगळं, कारण लिहिणाऱ्या कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलंय, आणि आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव.